मागच्याला विचारून

सीट मागे घेण्याआधी उठून, वळून, मागच्या माणसाला नमस्कार करून परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. नाशिकला द्वारका चौकाच्या अलीकडे त्यांचं घर होतं आणि घराच्या मागच्या अंगाला लक्झरी बसच्या पुशबॅक सीट बनवायचं वर्कशॉप. पत्र्याची शेड, वेल्डिंगची दोन मशिनं, शिलाईची तीन आणि छताला टेकलेले फोमचे गठ्ठे. मी सटाण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिलो. तेवढ्या वर्षांत त्यांनी मला पुष्कळ काही शिकवायचा प्रयत्न केला. त्यातलं निम्मं मी विसरलो आहे आणि उरलेलं निम्मं विमानात बसलो की आठवतं.

सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. सहा फूट उंची, त्यातले बरेचसे पायच. खिशात कायम मोजायची टेप असायची, पण माणसांशी बोलताना माप सांगायचे ते बोटांत. चहात साखर किती, तर अर्धं बोट. दार किती उघडं ठेवू, तर दोन बोटं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. नंतर माझीही बोटं मापाला लागली आणि ऑफिसातले लोक माझ्याकडे तसंच बघू लागले.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझी जात, गाव, खाणंपिणं यातलं काहीही विचारलं नाही. मला शेडमध्ये नेलं आणि एकामागे एक ठेवलेल्या दोन सीटपैकी मागच्या सीटवर बसवलं. स्वतः पुढच्या सीटवर बसले आणि गप्पा मारता मारता दांडी ओढून सीट एकदम मागे आणली. माझे गुडघे चांगलेच दाबले गेले. खोली हातची जाऊ नये म्हणून मी हसरा चेहरा करून तसाच बसून राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी त्यांनीच सीट सरळ केली आणि वळून म्हणाले, "खोली दिली तुम्हाला. पण दुखत असेल तर बोलायला शिका. तुम्ही बोलला नाहीत तर पुढच्याला कळणार कसं?" मी मान डोलावली. गुडघा पुढे दोन दिवस ठणकत होता आणि तेही मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांच्याबरोबर बसने जाणं हा एक सोहळाच असायचा. पुण्याला रेक्झिन आणायला जाताना कधी कधी ते मला सोबत घ्यायचे. गाडीत चढले की स्वतःच्या जागेवर न बसता आधी मागच्या जागेपाशी जायचे. नमस्कार, मी तुमच्या पुढे बसतोय, सिन्नर गेलं की चार बोटं मागे घेऊ का, असं विचारायचे. लोक गडबडून जायचे. हा काहीतरी विकायला आलाय असं वाटून एकाने आपली बॅग छातीशी धरली होती. एक बाई म्हणाल्या, अहो घ्या की, त्यात विचारायचं काय? त्यावर काकांनी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं की त्यात विचारायचं काय असतं. मागचा माणूस आधीच झोपलेला असला तर काका पुण्यापर्यंत ताठ बसून यायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, त्याला झोपेत काय कळतंय, घ्या की मागे. ते म्हणाले, झोपलाय म्हणजे त्याने हो म्हटलंय का? मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण त्यांच्याशी वाद घालून मी कधीच जिंकलो नव्हतो.

विचारण्याचेही त्यांचे नियम होते. पहिला नियम, कारण सांगायचं नाही. पाठ दुखते, कंबर धरलीय, वय झालंय, असलं काही तोंडातून काढायचं नाही. कारण ऐकलं की समोरच्याला भिडेखातर हो म्हणावं लागतं, आणि भिडेखातरचा होकार घेणं म्हणजे त्याच्या गुडघ्यावर न विचारता बसण्यासारखंच आहे, असं त्यांचं म्हणणं. "नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली, तरच त्याला विचारणं म्हणायचं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. दुसरा नियम, नाही म्हटलं तर 'बरोबर आहे' म्हणायचं आणि पुन्हा त्या माणसाकडे रागाने बघायचं नाही. मी त्यांना पुष्कळदा नकार मिळालेला पाहिला. दर वेळी ते 'बरोबर आहे' म्हणून असे काही निवांत बसायचे की नकार देणाराच चुळबुळ करायला लागायचा.

धंद्यातही हेच. एकदा एक ट्रॅव्हल्सवाला आला. त्याला गाडीत एक रांग जास्तीची बसवून हवी होती. काकांनी नाही म्हटलं नाही. शेडमध्ये त्याच्या मापाने दोन सीट मांडल्या, त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, इंदूरपर्यंतचा प्रवास आहे ना, बसा तेवढा वेळ, मी चहा सांगतो. तो माणूस पहिला चहा संपायच्या आत उठला आणि परत आला नाही. मोठं काम गेलं. वर्कशॉपमधले सगळे नाराज होते, आणि काका मात्र दिवसभर खुशीत होते. त्याला कळलं, असं ते सारखं म्हणत होते.

या सगळ्यावर टपली मारायचा अधिकार फक्त काकूंना होता. काकू बुटक्या, गोऱ्या, जिभेला धार असलेल्या. एके काळी कधीतरी पडल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची कंबर गेली होती, एवढंच मला माहीत होतं. पुढे ऑपरेशन करून मणक्यात सळ्या घातल्या होत्या. ताठ बसणं त्यांना अर्ध्या तासाच्या वर जमायचं नाही. सगळा संसार त्या अर्ध्या-अर्ध्या तासांच्या तुकड्यांत करायच्या. अर्धा तास ओट्याशी, मग हॉलमध्ये काकांनी त्यांच्यासाठी खास बनवलेल्या सीटवर आडव्या. त्या सीटवरून फाटक, गॅस आणि जिना तिन्ही दिसायचे, त्यामुळे मी कधी येतो, कधी जातो आणि काय खातो याची त्यांच्याकडे पूर्ण माहिती असायची. हे देवालासुद्धा विचारतील, फूल चार बोटं डावीकडे ठेवू का, असं त्या म्हणायच्या. काका ऐकायचे आणि पेपर वाचत राहायचे.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस खटकत होती. हे दोघं प्रवासात कधी शेजारी बसायचे नाहीत. त्र्यंबकेश्वरला जायचं असो की लग्नाला, काकू पुढच्या सीटवर आणि काका बरोबर त्यांच्या मागे. शेजारची जागा रिकामी असली तरी हे मागेच. गल्लीत काही जणांनी त्यावरून ठरवूनच टाकलं होतं की दोघांचं पटत नाही, फक्त मुलीसाठी एकत्र राहतात. मीही ते थोडंफार खरं मानलं होतं, याची आता लाज वाटते. मी एकदा काकूंना गमतीत विचारलंही. त्या म्हणाल्या, "त्यांना माझी पाठ आवडते, तोंड नाही."

खरा प्रकार मला सप्तशृंगीच्या वाटेवर कळला. आम्ही तिघं भाड्याच्या मोठ्या गाडीतून गडावर निघालो होतो आणि मी काकांच्या शेजारी बसलो होतो. घाट लागला तशी काकूंनी सीट मागे घेतली, पार शेवटपर्यंत. ती काकांच्या गुडघ्यांवर येऊन बसली. काकांनी दोन्ही तळहात त्या सीटच्या पाठीला लावले आणि घाट संपेपर्यंत ते तसेच धरून ठेवले. खड्डा आला की हातांनी धक्का झेलायचे. मी म्हणालो, काका, सीट पडत नाही हो, तुम्हीच तर बनवता. ते म्हणाले, सीटचं काही सांगता येत नाही. मग जरा वेळाने म्हणाले, मागे मी असलो की तिला कोणाला विचारावं लागत नाही. मी त्या दिवशी गडावर देवीसमोर उभा असताना गल्लीतल्या लोकांना मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं. त्यात मीही आलोच.

आता मुख्य गोष्ट. त्यांची मुलगी लग्न होऊन बंगळुरूला होती. पहिल्या खेपेला तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा काकूंचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या जाऊ शकल्या नाहीत. मुलगी दवाखान्यातून घरी आली ती रिकाम्या हातांनी, आणि दार उघडायला घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. काकू हे कोणाला सांगायच्या नाहीत, पण मुलीचा फोन आला की बोलून झाल्यावर बराच वेळ फोन हातातच धरून बसायच्या. तीन वर्षांनी मुलीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिने आईला ये म्हटलं नाही. जमलं तर बघ, एवढंच म्हणाली. त्या 'जमलं तर'ने काकू जेवायच्या बंद झाल्या. मी जाणार, मग तिथे जाऊन मोडले तरी चालेल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

बस आणि रेल्वेचे धक्के डॉक्टरांनी साफ नाकारले. विमानाला हो म्हणाले, पण एका अटीवर, सलग पाऊण तासापेक्षा जास्त ताठ बसायचं नाही. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून बंगळुरूला थेट विमान होतं. दोघांपैकी कोणी कधी विमानात बसलं नव्हतं. मी कंपनीच्या कामाने तीनदा बसलो होतो, तेव्हा घरातला विमानाचा जाणकार मीच ठरलो. मी त्यांना सांगितलं की विमान वर चढेपर्यंत सीट सरळ ठेवावी लागते, मग मागे घेता येते आणि उतरताना पुन्हा सरळ. काकांनी तेवढंच लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये विमान उभं केलं.

म्हणजे तीन रांगा सीट, मध्ये चालायची वाट आणि वर पत्र्याला टांगलेला एक लाल दिवा. रेक्झिन शिवणारे चाचा मागच्या रांगेतले प्रवासी. मी हवाई सुंदरी. काकू रोज सकाळी अंघोळ करून, पट्टा बांधून त्या विमानात बसायच्या. लाल दिवा लागलेला असेपर्यंत ताठ, विझला की मागे, पुन्हा लागला की ताठ. काका घड्याळ धरून उभे. पहिल्या दिवशी काकू अर्ध्या तासात रडकुंडीला आल्या. पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटांपर्यंत पोचल्या. चाचा दर वेळी त्यांना सुखरूप पोचल्याबद्दल मुबारक म्हणायचे. मी कंटाळून जायचो, पण एकाही सकाळी गैरहजर राहिलो नाही.

जागा निवडायच्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर विमानाचा नकाशा होता. आणि मला एकदम सुचलं. आणीबाणीच्या दरवाजापाशी एक रांग असते, तिथे पाय पसरायला भरपूर जागा असते. तिच्या बरोबर पुढची रांग घेतली तर? काकूंनी सीट कितीही मागे घेतली तरी मागच्याच्या गुडघ्यांना लागणारच नाही. मग काकांना मागे बसायची गरज नाही. दोघं शेजारी बसू शकतील. मी हे सांगितल्यावर काका किती तरी वेळ त्या नकाशाकडे बघत राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, इतकी वर्षं सीट बनवतोय, हे मला सुचायला हवं होतं. हॉलमधून काकूंचा आवाज आला, इतक्या वर्षांनी तोंड दिसणार म्हणजे पावडर लावावी लागेल. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मी स्वतःसाठी सहा रांगा मागे एक जागा घेतली.

प्रवासाच्या दिवशी ओझरला सगळं वेळेवर झालं. काकूंना चाकाच्या खुर्चीतून नेलं. पावडर खरंच लावली होती. दोघं शेजारी बसले, काकांनी त्यांचा पट्टा लावून दिला, विमान वर गेलं आणि दिवा विझला. मी मागून मान उंच करून बघत होतो. काका उठले, वळले, मागच्या रांगेतल्या माणसाला नमस्कार करून परवानगी घेतली. तो हसून हो म्हणाला. त्याच्या पायांपुढे खरंच ऐसपैस जागा होती. काकांनी खाली वाकून बटण दाबलं. सीट हलली नाही. पुन्हा दाबलं. मग आपल्या सीटचं दाबून पाहिलं.

मी धावत गेलो. हवाई सुंदरीने हिंदीत समजावलं की ही रांग मागे होतच नाही. मागे आणीबाणीचा दरवाजा आहे, सीट मागे घेतली तर लोकांची बाहेर पडायची वाट अडेल. काकांनी सीटच्या सांध्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मी बनवली असती तर मीही अशीच बनवली असती." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं. चाळीस मिनिटं होऊन गेली होती आणि काकूंनी सीटचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

मी काकूंना माझ्या जागेवर आणलं. ती सीट मागे होत होती, पण तिच्या मागे एक तरुण बाई मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसली होती. काकांनी तिला विचारलं. तिने झोपलेल्या बाळाकडे बघितलं, पुढच्या सीटकडे बघितलं आणि हळूच नाही म्हणाली. काका म्हणाले, बरोबर आहे. मग ते पुढच्या-मागच्या रांगांत विचारत निघाले. तुम्ही इथून उठाल का आणि मागचे तुम्ही, तुम्हाला सीट मागे आलेली चालेल का, असं एकदम दोघांना विचारायचं होतं. एकाच्या कानात इअरफोनची बोंडं होती. एका मुलाने विचारलं, का? काका म्हणाले, कारण राहू द्या, जमत नसेल तर नाही म्हणा. तो नाही म्हणाला. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट घट्ट दाबलं. मला त्यांचा इतका संताप पूर्वी कधी आला नव्हता. इथे बाई मोडायला आली आहे आणि हा माणूस अजून समोरच्याची भीड जपतोय.

तेवढ्यात विमान हेलकावे खायला लागलं आणि पट्ट्याचा दिवा पुन्हा पेटला. हवाई सुंदरी सगळ्यांना बसायला सांगू लागली. काकू माझ्या सीटवर ताठ बसल्या होत्या, मागे ते बाळ होतं. चेहऱ्यावरची पावडर घामाने ओघळली होती. त्या काकांना म्हणाल्या, "सांगा ना हो त्यांना. मला सहन होत नाही आता."

काका मधल्या वाटेत उभे राहिले. त्यांनी हात जोडले. आवाज नेहमीचा नव्हता. "माझ्या बायकोला ताठ बसवत नाही," ते म्हणाले. "तिच्या मणक्यात सळ्या आहेत. मी बनवलेल्या पहिल्या पुशबॅकचा, पाठ धरून ठेवणारा खटका बसला नव्हता. त्या सीटवरून ती पडली. माझी चूक आहे. आम्हाला मागेपुढे दोन जागा द्या."

मला हे ठाऊक नव्हतं. वर्कशॉपमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.  मग वाटेच्या पलीकडच्या बाजूला बसलेला, पांढऱ्या टोपीतला एक माणूस पट्टा सोडून उठला. तो आणि त्याचा भाऊ, दोघं विंचूरकडचे, द्राक्षांच्या कामाला निघाले होते, आणि त्यांना जागा मिळाल्या होत्या त्या एकामागे एक. तो म्हणाला, "ताईंना हितं बसवा. मागं माझा भाऊच हाय, त्यो बी उठतो. आमाला काय, कुठं बी बसू." भाऊ आधीच उठला होता. आधी बोलला असता तर इतका वेळ कशाला गेला असता, असं तो काकांना जाता जाता म्हणाला. 

पुढचं सगळं नीट झालं, ते आधीच सांगून टाकतो. काकू बंगळुरूला पोचल्या, तीन महिने राहिल्या, मुलीच्या प्रत्येक कळेला तिचा हात धरून होत्या. तिथेही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांतच, पण होत्या. नात झाली. ती आता शाळेत जाते. मी नाशिक सोडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. पण या सगळ्यात मला सारखी आठवतात ती विमानातली पुढची दहा मिनिटं. मी माझ्या जागेवर परत बसलो होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

काकूंची सीट मागे झाली. विमानाची सीट ती किती मागे जाणार, पाच-सहा बोटं, पण त्यांना तेवढी पुरली. त्यांचा श्वास हळूहळू खाली आला. काका मागे बसून दोन्ही हातांनी सीट धरून होते आणि पुढे वाकल्यामुळे त्यांचा चेहरा काकूंच्या कपाळाजवळ आला होता. काकू वर छताकडे बघत होत्या. बघता बघताच म्हणाल्या, "खटका बसला होता."

काकांना कळलं नाही.

"तुम्ही चहा आणायला आत गेला होतात. दांडीला हात लावू नको म्हणून सांगून गेला होतात. मी ओढली आणि पडले. मला बघायचं होतं कशी मागे जाते ती."

 काकू एकेक शब्द सावकाश सांगत गेल्या. आधी भीती वाटली, हे चिडतील म्हणून. मग ऑपरेशन झालं. मग हे इतके जपायला लागले, मागे बसायला लागले, की सांगवेना. आज चारचौघांत त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं ते ऐकवलं नाही.

काकांचे हात सीटवरून सुटले नव्हते. त्यांनी विचारलं, "किती ओढलीस?"

"पूर्ण."

"म्हणजे खटका चांगला होता."

"चांगलाच होता हो."

मी बाजूला बघितलं तर सहा फुटांचा तो माणूस सीटच्या पाठीला कपाळ टेकवून रडत होता. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. काकूंनी हात वर करून मागे नेला आणि चाचपडत त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"सगळ्या जगाला विचारत फिरलात," त्या म्हणाल्या. "मला तेवढं एकदा विचारायचं राहिलं तुमचं."